शेताचे स्थानिक नाव : धावडाची पट्टी

मागच्या मे महिन्यात माझे हमजुल्फ़, म्हणजे साडू, एक फाइल घेऊन घरी आले. बावीस वर्षे कुवेतमध्ये एसीची कामे करून ते कायमचे परतले आहेत. फाइलच्या वर एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. त्यावर ढग, हिरवा डोंगर आणि त्या डोंगरावर एक पांढरा बंगला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘तुमच्या हक्काचा डोंगर’.

“मास्तर, तुम्ही दोन्ही भाषा शिकवता. हे कागद वाचून सांगा. मला सात-बारातले काही कळत नाही,” ते म्हणाले.

जागा सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात, महाबळेश्वरच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगेत होती. एक एकर चार गुंठे. दलालाने सांगितलेले सगळे साडूंना पाठ झाले होते : खाली कोयनेचे पाणी दिसते, कास पठार जवळ आहे, पाच वर्षांत भाव तिप्पट होईल. मी विचारले, “घर शहरात घ्यायचे होते ना तुम्हाला?” त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोन सोसायट्यांत जाऊन आलो. फ्लॅट रिकामे होते. नाव सांगितले आणि भरले. डोंगरावर तरी कुणी नाव विचारणार नाही.”

या वाक्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मी फाइल उघडली.

सात-बारा उताऱ्यात गट क्रमांक असतो, भोगवटादाराचे नाव असते, क्षेत्र असते, आकार असतो. त्यातच एक रकाना असतो, ‘शेताचे स्थानिक नाव’. खरेदी करणारा तो रकाना कधी वाचत नाही. त्याची किंमत शून्य असते. या उताऱ्यात तिथे लिहिले होते : धावडाची पट्टी.

साडू म्हणाले, “धावडे म्हणजे मराठ्यांतले आडनाव ना? आधीचा मालक असेल.”

मी म्हटले, “कदाचित. पण कदाचित तुमच्या-माझ्यासारखाच कुणी असेल.”

हा लेख त्या ‘कदाचित’बद्दल आहे.

लोखंड गाळणारे मुसलमान

मराठीत लोखंडाच्या मातकट खनिजाला धाऊ म्हणतात. ती भट्टीत गाळून लोखंड काढणारे ते धावड. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगडाचा जाड थर आहे. महाबळेश्वरचे पठार आणि पाचगणीचे टेबललँड याच जांभ्याचे आहे. या दगडात लोह असते. वेचलेली धाऊ, जंगलातल्या लाकडाचा कोळसा, मातीची भट्टी आणि कातड्याचे भाते, एवढ्या सामानावर धावड लोखंड काढत. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, घोड्याचा नाल, गाडीच्या चाकाची धाव अशा वस्तूंना लागणारे लोखंड परदेशी माल येण्याआधी अशाच डोंगरी भट्ट्यांतून येत असे.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले साताऱ्याचे गॅझेटिअर १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. महाबळेश्वरच्या डोंगरावर राहणाऱ्या लोकांत त्यात कोळी, कुणबी, धनगर आणि धावड यांची नोंद आहे. त्यातले धावड मुसलमान होते असे गॅझेटिअर सांगते. सह्याद्रीत इतरत्र हिंदू धावडही होते, त्यामुळे केवळ शेताच्या नावावरून धर्म ठरवता येत नाही. पण महाबळेश्वरच्या परिसरात धावड म्हटले की मुसलमान लोहार-मजूर डोळ्यांसमोर येत, एवढे निश्चित.

मला ही नोंद महत्त्वाची वाटते. मराठी मुसलमानाचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण दरबार, किल्ला, तोफखाना किंवा दर्ग्यापर्यंत जातो. शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमान किती आणि कोण होते याची यादी पाठ करतो. त्या यादीची गरज का पडते हे मला ठाऊक आहे. जावळीच्या खोऱ्यात तर जास्तच पडते, कारण प्रतापगड तिथे आहे आणि तिथला इतिहास आपल्याला नेहमी एकाच दिवसापुरता, १० नोव्हेंबर १६५९ पुरता सांगितला जातो. त्याच डोंगरावर, कुठल्याही दरबाराशी संबंध नसलेले, कोळशाने हात काळे झालेले मुसलमान लोखंड गाळत होते आणि त्या लोखंडाचा फाळ कुणब्याच्या नांगराला लागत होता, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी लढाई केली नाही, इमारत बांधली नाही, सनद मिळवली नाही. म्हणून ते इतिहासाच्या पुस्तकात आले नाहीत. आले ते गॅझेटिअरच्या एका परिच्छेदात आणि एखाद्या शेताच्या नावात.

एका गावाच्या बदल्यात एक डोंगर

आता ‘डोंगर विकत घेणे’ ही गोष्ट आपल्याकडे सुरू कशी झाली ते पाहू. जुने क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाचे देवस्थान, शेकडो वर्षांचे आहे. पण थंड हवेचे ठिकाण म्हणून जे गाव आपण ओळखतो ते दोनशे वर्षांपूर्वी नव्हते.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. डोंगर त्यांच्या राज्यात होता. १८२४ मध्ये साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक नावाचा अधिकारी हा डोंगर चढला आणि इथली हवा इंग्रजांना मानवेल असे वरिष्ठांना कळवत राहिला. त्याच्या नावाचा पॉइंट अजून आहे. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम इथे आले. त्यांना जागा आवडली आणि १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी डोंगरमाथा कंपनी सरकारला दिला. त्याच्या मोबदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव महाराजांना मिळाले. हे लोणावळ्याजवळचे खंडाळा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे.

नवीन वस्तीला माल्कम पेठ असे नाव पडले. इंग्रजी नाव आणि त्याला जोडून ‘पेठ’. जुन्या कागदांत अजून हेच नाव दिसते.

मी वर्गात मुलांना विचारतो की खरेदीखतात पक्षकार किती असतात? दोन, घेणारा आणि देणारा. १८२९ च्या या व्यवहारात घेणारा गव्हर्नर होता आणि देणारा राजा. डोंगरावर राहणारे कोळी, कुणबी, धनगर आणि धावड या करारात पक्षकार नव्हते. खंडाळ्याचे शेतकरीही नव्हते. एका सकाळी डोंगरावरच्यांचा धनी बदलला आणि गावातल्यांचाही.

राजाला तरी कागदाने काय दिले? दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी प्रतापसिंहांनाच पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे अर्ज, दाखले, कैफियती घेऊन दारोदार फिरले. उपयोग झाला नाही. १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले. आज पर्यटक ज्यात नौका फिरवतात तो वेण्णा तलाव प्रतापसिंहांचे भाऊ अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधवला. तो राहिला, राज्य गेले.

भट्टी विझली ती कशी

धावडांना कुणी डोंगरावरून हाकलून दिले नाही. त्यांची भट्टी विझली, आणि ती कोळशाअभावी विझली.

साहेबाला डोंगर हवा होता तो सावलीसाठी, दृश्यासाठी, शिकारीसाठी आणि खाली मैदानात वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यासाठी. झाड तोडून कोळसा करणारा धावड आणि गुरे चारणारा गवळी धनगर हे त्या चित्रात बसत नव्हते. आधी स्थानिक बंधने आली, मग १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले. झाड सरकारचे झाले. कोळसा महागला. खाली मुंबईच्या बंदरात विलायतेचे स्वस्त लोखंड उतरत होते आणि रेल्वेने घाटावर येत होते. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. गॅझेटिअर तयार झाले तोवर धावडांचा धंदा बंद पडला होता आणि ते मिळेल ती मजुरी करत होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोळशाच्या भट्टीला लाकूड फार लागते. धावडांची भट्टी तशीच चालू राहिली असती तर जंगलाचे नुकसान झालेच नसते असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्यावर बंदी आली त्यांना पर्याय कोणता दिला, हा प्रश्न उरतोच. त्याच काळात त्याच डोंगरावर बंगले बांधले जात होते, रस्ते कापले जात होते आणि त्यासाठीही झाडे पडत होती. एकाचे झाड तोडणे नासधूस ठरले, दुसऱ्याचे विकास ठरले. हा फरक कुऱ्हाडीत नव्हता, कागदात होता.

कागद नसलेले आणखी काही लोक या डोंगरावर येऊन गेले. इंग्रजांनी इथे तुरुंग बांधला आणि त्यात मलाया-सिंगापूरकडचे चिनी कैदी ठेवले. त्यांच्याकडून भाजीपाल्याचे मळे करून घेतले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण या मातीत परदेशी भाजीपाला लावून पाहणाऱ्या हातांत कैद्यांचे हात होते, हे बागेत फोटो काढताना आठवत नाही.

एक मुसलमान असाही

मग मुसलमान नेहमी हरणाऱ्यांतच होता का? तसे नाही. महाबळेश्वरच्याच काळातला दुसरा डोंगर पाहा, माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढले आणि तिथेही वस्ती सुरू झाली. नेरळपासून वर जायला घोडा, पालखी किंवा पायवाट होती. ही वाट सोपी केली ती मुंबईचे दाऊदी बोहरा गिरणीमालक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची सुमारे २० किलोमीटरची रेल्वे उभी केली. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली आणि खर्च आला १६ लाख रुपये. हा सगळा पैसा घरचा होता.

धावड आणि पीरभॉय दोघेही मुसलमान. एकाचे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे, दुसऱ्याचे नाव एका पट्टीला चिकटून राहिले आहे. म्हणून ‘मुसलमानांवर डोंगरात अन्याय झाला’ असे सरसकट वाक्य लिहिता येत नाही. अन्याय झाला तो कागद नसलेल्यांवर. कोळी, धनगर, कुणबी, माथेरानचे ठाकूर-कातकरी आणि आमचे धावड हे सगळे त्या एका रांगेत उभे आहेत. ही रांग धर्माची नाही.

कायदा आला, वाटाही आल्या

स्वातंत्र्यानंतर कागद कसणाऱ्याच्या हातात द्यायचा प्रयत्न झाला. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. याच कायद्याचे ६३ वे कलम म्हणते की शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येणार नाही. हेतू साधा होता. शहरातल्या पैशाने गावातली जमीन गिळू नये. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. जिरायत जमीन असेल तर ५४ एकरांच्या वर ठेवता येत नाही.

डोंगराचे मात्र नशीब वेगळे होते. कोयना धरण झाले आणि जावळी-महाबळेश्वरच्या खोऱ्यांतली कितीतरी शेती शिवसागर जलाशयाखाली गेली. उरलेल्या उतारावर नाचणी-वरी पिकवून पोट भरेना, म्हणून माणसे मुंबईला गेली. तिथल्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत जावळी आणि पाटणची माणसे मोठ्या संख्येने आहेत. जमीन गावात, माणूस मुंबईत आणि सात-बारावर आजोबाचे नाव. दलालाला यापेक्षा सोपे काय हवे?

१९९६ मध्ये राज्याने नवीन गिरिस्थाने विकसित करण्याचे धोरण आणले. पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरात लवासा उभे राहू लागले. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याला नोटीस दिली, पुढे कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि आयुष्याची कमाई घालणारे घरखरेदीदार अडकून पडले. दरम्यान १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला. बांधकाम, वृक्षतोड, जमिनीच्या वापरातला बदल आणि भूजलाचा उपसा यांवर बंधने आली. बंधने आली की सीमेबाहेरच्या जमिनीचा भाव वाढतो. आता सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतल्या २३५ गावांचा ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्प रस्ते विकास महामंडळाकडे दिला गेला आणि गावांची संख्या पुढे वाढवण्यात आली. साडूंच्या फाइलमधल्या गुळगुळीत पत्रकाचा जन्म इथला आहे.

फाइलमध्ये काय होते

मी दोन रात्री बसून कागद वाचले. एक मजा सांगतो. आमच्या शाळेत काही पालक विचारतात, उर्दू शिकून काय उपयोग? मी म्हणतो, तलाठ्याच्या चावडीत जाऊन या. जमीन, खरेदी, मौजे, हद्द, कब्जा, वारस, हक्क, नक्कल, दाखला, दस्त, महसूल, तहसील, मुखत्यार, जिराईत, बागाईत हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. मराठी माणसाच्या जमिनीचा कागद या शब्दांवाचून लिहिताच येत नाही. ज्यांना आम्ही परके वाटतो त्यांच्याही सात-बारात आमची भाषा बसलेली आहे.

पण शब्द ओळखीचे असले तरी कागद सरळ नव्हते. साडू शेतकरी आहेत, वडिलोपार्जित दीड एकर त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे ती अडचण नव्हती. अडचणी दुसऱ्या होत्या.

पहिली, जमीन भोगवटादार वर्ग दोनची होती. म्हणजे परवानगीवाचून विकता येत नाही. परवानगीचा कागद फाइलमध्ये नव्हता. दलाल म्हणाला होता, “ते होऊन जाते.”

दुसरी, विकणारा मालक नव्हता, मुखत्यारपत्रधारक होता. मुखत्यारपत्र नोंदणी केलेले नव्हते.

तिसरी, जमीन नेमकी कोणत्या क्षेत्रात येते, तिथे घर बांधता येते की नाही, याचा दाखला नव्हता. पत्रकातला पांढरा बंगला केवळ पत्रकातच होता.

चौथी, आणि मला सर्वांत जास्त खटकलेली. वारस फेरफारात मूळ खातेदाराची पाच मुले होती, तीन भाऊ आणि दोन बहिणी. मुखत्यारपत्रावर चौघांच्या सह्या होत्या. धाकट्या बहिणीची नव्हती.

मी दलालाला फोन केला. तो म्हणाला, “सर, ती तिकडे मुंबईला असते. बहिणींचे काय एवढे? नंतर हक्कसोड घेऊ.”

हे वाक्य आपल्या घरांतही मी ऐकले आहे. शरियतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला, आणि आपण तो भावाला ‘माफ’ करून घ्यायची पद्धत पाडली. लग्नात खर्च केला ना, मग आता काय? त्या अनोळखी बहिणीच्या जागी मला माझी खाला दिसली. आजोबांच्या शेताची वाटणी झाली तेव्हा तिच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता. ती शेवटपर्यंत म्हणायची, “मी माफ केले नाही रे, मला विचारलेच नाही.”

आपल्या फिक़्हमध्ये शुफ़ा नावाचा हक्क आहे. जमीन विकायची झाली तर आधी हिस्सेदाराला, आणि हनफ़ी मताप्रमाणे शेजाऱ्यालाही, ती घेण्याचा पहिला हक्क. आजच्या व्यवहारात हा हक्क किती चालतो हा वकिलांचा विषय आहे. मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. जमीन ही घेणारा आणि देणारा या दोघांपुरती बाब नसते. तिला लागून कुणी राहत असतो, तिच्यात कुणाचा हिस्सा असतो, आणि त्याला विचारल्यावाचून केलेला सौदा अपुरा असतो. १८२९ च्या करारात नेमके हेच राहून गेले होते.

डोंगरावर

जून लागण्याआधी आम्ही दोघे जागा पाहून आलो. मेढ्याहून पुढे घाट, मग कच्चा रस्ता, मग अर्धा तास पायी. जागा सुंदर होती, हे खोटे कशाला बोलू? खाली पाण्याची निळी पट्टी, वर जांभ्याचा कडा, वारा असा की टोपी धरून ठेवावी लागत होती. साडू एका दगडावर बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. बावीस वर्षे वाळवंटात काढलेल्या माणसाला त्या हिरव्या उताराकडे पाहून काय वाटले असेल ते मी समजू शकत होतो.

बांधावर मला काही काळे, जड, फेसाळ दगड दिसले. वितळून गोठल्यासारखे. शेजारच्या खोपटातले एक धनगर आजोबा गुरे घेऊन आले होते, त्यांना विचारले.

“ते व्हय? धावडाचं दगड. नांगरताना निघत्यात. लोखंडाची कीट हाय ती.”

“धावड कोण होते, आजोबा?”

“व्हते मुसलमान. हितं भट्टी व्हती म्हणं. माझ्या आज्याला बी ठावं न्हवतं, त्यानं बी ऐकलेलंच. त्यांची कबर हाय त्या आंब्याखाली. आम्ही दिवाळीला पणती ठेवतो. जागंचं मानूस हाय, इसरून कसं चालंल?”

आंब्याखाली दगडांचा एक लांबट ढीग होता. ना नाव, ना साल. कबर आहे की नाही हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साडूंनी टोपी सारखी केली आणि फातिहा पढली. मीही हात उचलले. आजोबा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

परतताना साडू म्हणाले, “मी म्हणत होतो, डोंगरावर कुणी नाव विचारणार नाही. इथे तर आधीपासून आपले नाव लिहिले आहे.”

“म्हणून घ्यायची?” मी विचारले.

“नाही. म्हणूनच नीट घ्यायची. नाही तर राहू द्यायची.”

त्यांनी दलालाला दोन अटी घातल्या. धाकट्या बहिणीची समक्ष सही आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दोन्ही झाल्यावरच विसार. दलालाने “बघतो” म्हटले. पंधरा दिवसांनी फोन आला की दुसरी पार्टी मिळाली, त्यांना एवढी घाई-चौकशी नाही.

साडूंना वाईट वाटले. मलाही वाटले. आपण सोडलेली जमीन दुसऱ्याने घेतली, म्हणजे त्या बहिणीला न्याय मिळाला असे नाही आणि धनगर आजोबांची गुरे त्या बांधावरून पुढच्या वर्षी जातील की तारेचे कुंपण लागेल, हेही माहीत नाही. एका खरेदीदाराच्या सचोटीने डोंगर वाचत नाही. त्याने फक्त आपला हात त्या यादीतून निघतो. ती यादी १८२९ पासून चालत आली आहे आणि तिच्यात आपले नाव नसावे, एवढे तर माणूस ठरवू शकतो.

आपल्यातले अनेक जण आता आखातातून, नोकरीतून, धंद्यातून पैसा जमवून जमीन घेऊ लागले आहेत. जरूर घ्यावी. शहरात दार बंद होत असेल तर जास्तच घ्यावी. पण आपण आता कागद हातात असलेल्यांच्या बाजूला आलो आहोत, हे विसरू नये. वर्ग कोणता ते पाहा. फेरफार जुन्यापासून नव्यापर्यंत वाचा. बहिणींच्या सह्या मोजा. जागेवर जाऊन शेजाऱ्याशी बोला. आणि तो बिनकिमतीचा रकाना, शेताचे स्थानिक नाव, तोही वाचा. मालक बदलतात आणि प्रत्येक मालक आपले नाव वर लिहून घेतो. त्या रकान्यात मात्र कधीकधी अशा माणसाचे नाव राहून जाते ज्याच्याकडे कुठलाच कागद नव्हता.

गेल्या महिन्यात मी सहज तो गट क्रमांक संगणकावर टाकून पाहिला. भोगवटादाराचे नाव अजून जुनेच आहे. नवीन फेरफार प्रलंबित दिसतो. स्थानिक नावाच्या रकान्यात धावडाची पट्टी तशीच आहे.